हात खाली ठेवण्याची विद्या

समुद्रकाठचे चिमूटभर मीठ उचलायला कोणाला शिकवावे लागत नाही. डोक्यावर लाठी येत असताना हात खाली ठेवायला मात्र शिकवावे लागते. काही अंगावर येताना दिसले की हात आपोआप वर जातो. तो एक तर अडवायला जातो, नाही तर मारायला. शरीराची ही जुनी खोड मोडायची तर सराव हवा, नियम हवेत आणि आपण हे कशासाठी करतो आहोत याची समजही हवी. थोडक्यात, शाळा हवी. १९३० साली अशी एक शाळा विलेपार्ल्यात भरली होती. लोक तिला छावणी म्हणत.

तेव्हाचे पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे उपनगर होते. मधून रेल्वेचे रूळ, पश्चिमेला जुहूचा किनारा. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी मिठाचा कायदा मोडला. मुंबई परिसरात हेच काम करण्यासाठी विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला हे तिचे प्रमुख. दोघांनाही एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अटक झाली, पण छावणी थांबली नाही. एक पुढारी तुरुंगात गेला की दुसरा पुढे यायचा.

अभ्यासक्रम आधीच छापून झाला होता. २७ फेब्रुवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी सत्याग्रहींसाठी नियम दिले होते. सत्याग्रहीने मनात राग धरायचा नाही आणि समोरच्याचा राग सोसायचा. उलट वार करायचा नाही, पण भीतीपोटी वाकायचेही नाही. अटक करायला आले तर आपणहून स्वाधीन व्हायचे. जमावातला कोणी सरकारी अधिकाऱ्यावर धावून गेला तर स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्या अधिकाऱ्याला वाचवायचे. शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. ज्याच्याविरुद्ध लढायचे त्यालाच आपल्या माणसांपासून वाचवायचे, हे रक्तात नसते. ते घोकावे लागते, अंगवळणी पाडावे लागते.

या शिक्षणाची परीक्षा २१ मे १९३० रोजी गुजरातेतल्या धारासणा येथे झाली. सरोजिनी नायडू आणि मणिलाल गांधी यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक मिठाच्या आगाराकडे रांगेने चालत गेले. लोखंडी टोकांच्या लाठ्या बरसल्या, डोकी फुटली, रांगेमागून रांग पडत गेली. वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर तिथे होता. मार चुकवण्यासाठीसुद्धा कोणी हात वर केला नाही, ही त्याने पाठवलेली बातमी जगभर छापली गेली. साम्राज्याची अब्रू गेली ती त्या खाली राहिलेल्या हातांमुळे. ते हात शिकवून तयार केलेले होते.

बालबोधमेव्यातला बुद्ध

पार्ल्याच्या या छावणीत पन्नाशी उलटलेला एक पंडित होता: धर्मानंद कोसंबी. पालीचे जगभर मान्यता पावलेले विद्वान आणि हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांचे संपादन केलेले संशोधक. छावणीच्या कामासाठी त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला. पोथ्यांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस मिठाच्या लढ्यात कसा आला, हे समजून घेतले की शिक्षण, स्मृती आणि शांतता यांचा धागा हाताला लागतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. पोर्तुगीज अमलातल्या त्या खेड्यात शिकण्याची सोय बेताचीच. नारळाच्या बागा पाहायच्या, घरचा प्रपंच ओढायचा, असे चालले होते. अशात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. त्यात बुद्धाची गोष्ट होती. विशीतल्या या संसारी तरुणाला तिने असे धरले की १८९९ साली ते घर सोडून बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म त्याच्या जन्मभूमीत शिकायला मिळेना, म्हणून नेपाळ गाठले, मग सिंहलद्वीप, मग ब्रह्मदेश. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते श्रामणेर, म्हणजे नवशिके बौद्ध भिक्षू, झाले आणि पाली शिकले.

परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याची महिना अडीचशे रुपयांची नोकरी मिळाली. तेव्हा ही रक्कम मोठी होती. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी निरोप धाडला: महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा पन्नास रुपये देतो. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास पत्करले. कारण त्यांना बुद्ध मराठीत आणायचा होता. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. आज मराठीत त्रिपिटक वाचणारा प्रत्येकजण कळत-नकळत या परंपरेचा ऋणी आहे.

एका बालमासिकाच्या अंकाने जे घडले त्याची तुलना आपल्या शाळांतल्या ‘मूल्यशिक्षणा’च्या तासाशी करून पाहावी. त्या तासाला शांततेवर निबंध लिहून घेतात आणि मुले तो घंटेबरोबर विसरतात. बालबोधमेव्याने मात्र एक गोष्ट सांगितली आणि वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न पेरला. शांततेच्या शिक्षणाला यापेक्षा चांगली सुरुवात सापडणे कठीण आहे.

रोहिणीचे पाणी

आता स्मृतीकडे वळू. स्मरणाने शांतता वाढते, असे सरसकट म्हणता येत नाही. जुन्या पराभवाची, जुन्या अपमानाची आठवण उगाळून किती दंगली पेटल्या ते आपण पाहिले आहे. आठवणीत औषध असते तसे विषही असते. आठवण तपासून घेतली आहे की नाही, यावर ते ठरते.

धर्मानंदांनी बुद्धाच्या बाबतीत हीच तपासणी केली. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि वैराग्याने घर सोडले, ही कथा आपण शाळेत शिकतो. धर्मानंदांनी दाखवून दिले की दीघनिकायातल्या महापदान सुत्तात ही कथा येते ती विपस्सी नावाच्या दुसऱ्याच एका प्राचीन बुद्धाबद्दल. पुढे ती गौतमाला चिकटली. मग गौतमाने घर का सोडले? धर्मानंद बोट ठेवतात ते सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तावर. त्यात बुद्ध स्वतःच्या उद्वेगाचे कारण सांगतो: माणसे एकमेकांवर शस्त्रे उगारताना पाहून त्याला भय वाटले. कोरड्या पडत चाललेल्या डबक्यातल्या माशांसारखी माणसे एकमेकांत झुंजताना त्याला दिसली.

शाक्य आणि कोलीय ही शेजारची दोन कुळे. मधून रोहिणी नदी वाहते. तिच्या पाण्यावरून त्यांची भांडणे होत, हे बौद्ध परंपरेला ठाऊक होते. ‘बोधिसत्त्व’ या नाटकात धर्मानंदांनी हेच भांडण गृहत्यागाचे कारण म्हणून उभे केले. युद्धात भाग घ्यायचा नाही, म्हणून सिद्धार्थ बाहेर पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा वाद आहे.

या बदलाने काय साधले? चार दृश्ये पाहून जाणारा सिद्धार्थ स्वतःच्या मुक्तीसाठी जातो. रोहिणीच्या काठावरून जाणारा सिद्धार्थ ‘माणसे पाण्यासाठी एकमेकांना का मारतात’ हा प्रश्न घेऊन जातो. पहिला देव्हाऱ्यात बसवायला सोपा. दुसरा गावच्या पाणीवाटप बैठकीत आला तरी परका वाटणार नाही. स्मृती तपासली की ती पूजेपुरती उरत नाही, कामाला येते.

रोहिणीचा वाद मराठी माणसाला नवा नाही. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश भांडत होते. १९६९ साली न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. लवादासमोर पहिला प्रश्न साधा होता: नदीत पाणी आहे तरी किती? उत्तरासाठी विजयवाड्याजवळच्या ७८ वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी काढल्या. शंभरातली पंचाहत्तर वर्षे हमखास मिळेल असे पाणी किती, याचा हिशेब केला. तो आला २०६० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी असे वाटप झाले. वाद त्यानंतरही चालू राहिला, अलमट्टी धरणाच्या उंचीवरून आजही आवाज चढतात. पण तो वाद आकड्यांवर आणि न्यायालयात चालतो. रोहिणीच्या काठी कुळे काठ्या घेऊन निघत. कृष्णेच्या काठी अभियंते वह्या घेऊन निघाले. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज नदीची पातळी लिहून ठेवली होती, म्हणून हे जमले. ती नोंदवही म्हणजे नदीची तपासलेली स्मृतीच.

प्रज्ञेची जोड

इथे आपण विज्ञानाच्या दारात आलो. धर्मानंदांनी १९३५ साली ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हे पुस्तक लिहिले. नुसती अहिंसा पुरत नाही, तिला प्रज्ञेची जोड हवी, हा त्यातला एक महत्त्वाचा विचार. प्रज्ञा नसेल तर अहिंसा आळशी होते. राजांच्या दानावर जगणाऱ्या श्रमणसंघांचे तेच झाले, असे ते परखडपणे सांगतात. उलट प्रज्ञेला अहिंसेची जोड नसेल तर काय होते, ते दहा वर्षांत हिरोशिमाने जगाला दाखवले.

ही दुसरी बाजू पुढे त्यांच्या मुलाने हाती घेतली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ चा. वडिलांबरोबर लहानपणीच ते अमेरिकेला गेले, हार्वर्डला शिकले, गणिती झाले. १९४५ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. पुण्यात घर आणि मुंबईत काम, म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा. आनुवंशिकीत आजही वापरले जाणारे एक सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. जुनी नाणी तराजूत तोलून ते इतिहास लिहीत. नाणे जितके हाताळले जाते तितके झिजते, म्हणून हजारो नाण्यांच्या वजनावरून व्यापाराचा माग काढता येतो. वडिलांनी पोथी तपासली, मुलाने नाणे तपासले. पद्धत एकच: ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही.

हे दामोदर कोसंबी जागतिक शांतता चळवळीचे कार्यकर्ते होते. त्यांचे म्हणणे असे की शांततेचा अर्थ बॉम्ब न टाकण्यापुरता नाही. भूक, इंधन, पाणी यांची टंचाई ज्या समाजात आहे तिथे भांडणाचे बी आधीच पेरलेले असते. म्हणून ऊर्जेचा प्रश्न त्यांना शांततेचाच प्रश्न वाटे. भारतासारख्या देशाला ऊन फुकट आणि भरपूर मिळते. ते गावोगाव वापरता येते, त्याला लांबलचक तारा लागत नाहीत, लाकूडफाटा वाचतो. १९५० च्या दशकापासून ते सौरऊर्जेची बाजू मांडत होते आणि अणुऊर्जेच्या खर्चावर बोट ठेवत होते. भाभांची वाट वेगळी होती. १९५५ साली जिनिव्हात भरलेल्या ‘शांततेसाठी अणू’ परिषदेचे ते अध्यक्ष होते. एकाच संस्थेतल्या दोन थोर वैज्ञानिकांचे हे टोकाचे मतभेद. १९६२ साली दामोदर कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. आज गच्चीगच्चीवर सौरपट्ट्या दिसतात तेव्हा त्यांची आठवण यायला हरकत नाही.

विज्ञान शांततेला नेमकी कशी मदत करते, याचे एक जिवंत उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मिळते. १९५० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत होत. स्फोटातून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वातावरणात पसरे, पावसाबरोबर गवतावर पडे, गवतातून गाईच्या पोटात आणि दुधातून मुलांच्या अंगात जाई. रासायनिक स्वभावाने ते कॅल्शियमचे भावंड. त्यामुळे शरीर फसते आणि ते हाडांत, दातांत साठवते. दात पडला की तो आम्हाला पाठवा, असे आवाहन तिथल्या वैज्ञानिकांनी आणि नागरिकांनी १९५८ च्या शेवटी केले. काही वर्षांत सुमारे तीन लाख दुधाचे दात जमा झाले. चाचण्या वाढत गेल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढत गेल्याचे मोजमापातून निघाले. लष्करी रहस्य म्हणून जे झाकले जात होते ते मुलांच्या दातांनी उघड केले. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यामागे राजकारणाची अनेक कारणे होती, पण जनमत तयार करण्यात या दातांचा वाटा होता.

या उदाहरणात शिक्षण, स्मृती आणि विज्ञान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. पत्र लिहून दात पाकिटात घालणारे मूल शिकत होते. दात ही शरीराने ठेवलेली आठवण होती. आणि प्रयोगशाळेने ती वाचून दाखवली.

आधीच शिकून ठेवायचे

या सगळ्यातून एक व्यावहारिक धडा निघतो. शांततेची विद्या संकट येण्याआधी शिकून ठेवावी लागते. घर पेटल्यावर विहीर खणायला घेऊन भागत नाही. धारासणाच्या सत्याग्रहींनी नियम लाठ्या पडण्याआधी घोकले होते.

मुंबईजवळचेच उदाहरण घ्या. भिवंडीत १९८४ साली भीषण दंगल झाली. १९८८ साली तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांची, त्याच वस्तीत राहणारी साधी माणसे त्यांत घेतली. नळावरचे भांडण, पोरांची मारामारी, मिरवणुकीचा मार्ग, असल्या किरकोळ गोष्टींसाठी ही माणसे नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलीत ९०० माणसे मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. अफवा आली की ती खरी आहे का हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे याचा अभ्यास केला. मुंबईत मोहल्ला समित्या निघाल्या त्या दंगलीनंतर. श्रीकृष्ण आयोगाचा अहवालही एक प्रकारची तपासलेली स्मृती आहे. तो वाचवत नाही, पण वाचावा असा आहे. नेमके काय घडले हे लिहून ठेवले नाही तर प्रत्येक गल्ली आपापली दंतकथा रचते, आणि पुढची दंगल त्या दंतकथेवरच पेट घेते.

स्मारक कसे असावे

पार्ल्याला स्मरणाची एक चांगली सवय आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. पुढच्याच वर्षी इथल्या लोकांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. ते पार्ले टिळक विद्यालय. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला. या शाळेत पु. ल. देशपांडे शिकले आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्यानंतर हजारो मुले शिकली. पुतळा उभारण्याआधी फळा टांगावा, हे शहाणपण त्या पिढीला होते.

धर्मानंद कोसंबींचे निधन ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला झाले. आपले काम झाले असे मानून त्यांनी अन्न सोडले होते. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर आले होते आणि देश फाळणीच्या वणव्यात होरपळत होता. त्यांच्या स्मरणार्थ काय करावे हे गांधीजींनी सुचवले: भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या विद्यार्थ्यांना पाली शिकायला सिंहलद्वीपात पाठवा. घर सोडलेल्या त्या तरुणाने अन्नछत्रात जेवत, परक्या देशांत वणवण करत जे मिळवले, ते पुढच्यांना सोपे करून द्या. स्मारक म्हणून याहून नेमके काही सुचणे कठीण आहे.

पार्ल्यातल्या शाळांना आणि वाचनालयांना एक करता येईल. दरवर्षी ६ एप्रिलला जुहूच्या किनाऱ्यावरचे एक लिटर पाणी आणावे, उन्हात आटवावे आणि मुलांना खाली राहिलेले मीठ तोलायला लावावे. साधारण पस्तीस ग्रॅम भरते. मग त्यांना छावणीतल्या माणसांची गोष्ट सांगावी, सत्याग्रहीचे नियम वाचून दाखवावेत आणि विचारावे: यातला कोणता नियम तुम्हाला पाळता येणार नाही, आणि का? पाणी आटायला वेळ लागतो, पण पुढचे काम अर्ध्या तासाचेच आहे. त्याला खर्च काही नाही. शांततेवरच्या निबंधापेक्षा हे मुलांच्या जास्त दिवस लक्षात राहील.